झिरो बघून घ्या

१९८९ च्या जूनमध्ये मी पंपावर लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. २०२४ च्या डिसेंबरात हिशेबाच्या वह्या नव्या मॅनेजरच्या हवाली केल्या आणि घरी आलो. पंप मुंबई-आग्रा रस्त्यावर, चांदवड आणि मालेगावच्या मध्ये. नाव सांगत नाही. शेठ हयात आहेत आणि त्यांना छापून येण्याची हौस नाही. आधी रात्रपाळीचा कॅशियर, मग सुपरवायझर, शेवटची सोळा वर्षं मॅनेजर. या पस्तीस वर्षांत मी जे विकलं ते गिऱ्हाइकानं कधी नीट पाहिलंच नाही. दूधवाल्याचं दूध दिसतं, वाण्याची साखर दिसते. आमचा माल जमिनीखालच्या टाकीतून निघतो, नळीतून जातो आणि गाडीच्या टाकीत पडतो. दिसतो तो आकडा. या न दिसणाऱ्या मालाबद्दल चार-दोन गोष्टी शिकलो, काही नुकसान सोसून. त्या आठवतील तशा लिहितो.

१. झिरो बघणं हे अर्धंच काम

"झिरो बघा भाऊ" हे वाक्य आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी झोपेतही यायचं. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा न पुसता तिथूनच पुढे मोजायचं ही जुनी चलाखी, आणि झिरो बघणारा तिच्यापासून वाचतो. पण खरी लबाडी असली तर ती झिरोनंतर असते. मशीनच्या पोटात मीटर फिरतो, त्याच्या फिरण्याचे ठोके पल्सर नावाचा भाग मोजतो आणि वर आकडे पळतात. २०१७ मध्ये आधी लखनौला आणि नंतर आपल्याकडे ठाणे पोलिसांनी छापे घातले तेव्हा काही मशीनमध्ये चिप बसवलेल्या सापडल्या. त्या ठोके वाढवून दाखवत. अशा मशीनवरही झिरो अगदी स्वच्छ दिसतो.

चिप ही तर चोरी झाली. त्याहून बारीक गोष्ट सांगतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर इकडेतिकडे झालं तर कायद्याला चालतं. म्हणजे चहाचे पाच चमचे. यंत्र म्हटलं की तेवढी सूट द्यावी लागते. पण ही सूट दोन्ही बाजूंना आहे, कमीही आणि जास्तही. सगळी मशीन 'मायनस वीस'वर लावून ठेवली तर इन्स्पेक्टर काही बोलू शकत नाही, आणि दिवसाला दहा हजार लिटर विकणाऱ्या पंपाचे चाळीस लिटर रोज सुटतात. ९० च्या दशकात एक मेकॅनिक मशीन दुरुस्तीला आला होता. त्यानं पान लावता लावता सहज विचारलं, "शेठ, मायनस वीसवर ठेवू का?" शेठ म्हणाले, "झिरोवर ठेव. आपलं गिऱ्हाईक ट्रकवाला आहे, त्याला डिझेल तुझ्यापेक्षा जास्त कळतं." यात साधुत्व काही नव्हतं. ट्रकवाला टाकीत काठी घालून बघतो, इंदूरपर्यंत किती लागतं हे त्याला पाठ असतं. तो एकदा नाराज झाला की ढाब्या-ढाब्यावर सांगत सुटतो.

२. शंभराचं आणि एकशे दहाचं

"शंभरचं नको, एकशे दहाचं टाक." कुणीतरी कुठंतरी सांगितलं की शंभर, दोनशे, पाचशे या ठरलेल्या आकड्यांवर मशीन 'सेट' केलेली असतात, आणि निम्मा महाराष्ट्र एकशे दहाचं पेट्रोल टाकायला लागला. मशीन आधी लिटर मोजतं, मग भावानं गुणतं. मीटर बरोबर असेल तर शंभराचंही बरोबर येईल. मीटरच खोटा असेल तर एकशे दहाला आणखी दहा रुपयांच्या मालावर नुकसान. बाकी या विषयावर मी गिऱ्हाइकाशी वाद घालणं १९९५ सालीच सोडून दिलं.

३. पंपाचा जन्म वाण्याच्या दुकानातला

जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणजे एक औषधाचं दुकान, असं म्हणतात. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेली गाडी हाकत मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. वाटेत इंधन संपलं. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचा हा द्राव. आज त्या दुकानापुढं तिच्या आठवणीची खूण आहे. दुकानदाराला वाटलं असेल, बाईंना एवढे डाग कुठले काढायचेत!

पंप मात्र तिच्याही आधीचा. अमेरिकेत फोर्ट वेनला सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसानं १८८५ मध्ये एका किराणा दुकानासाठी घासलेट मापून देणारा हातपंप बनवला. मोटारी आल्यावर तोच पंप पेट्रोलला लागला. आज शेतात, खाणीत, बांधकामावर जाऊन डिझेल भरणाऱ्या गाडीला आपल्याकडचे लोक 'बाउझर' म्हणतात, तो हाच बाबा. गावोगावच्या ड्रायव्हरांच्या तोंडी त्याचं नाव आहे आणि तो कोण, हे कुणालाच माहीत नाही. अशी कीर्ती फार थोड्यांना मिळते.

मला त्या काळातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे काचेचा पंप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंपाच्या डोक्यावर काचेचं उंच नळकांडं असायचं, त्यावर मापाच्या खुणा. हातानं दांडा मारून आधी पेट्रोल त्या काचेत चढवायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, मग नळीवाटे गाडीत सोडायचं. गिऱ्हाइकाचा विश्वास नव्हता म्हणून काच आली. पुढं घड्याळासारख्या काट्यांची मशीन आली, मग फिरत्या चकत्यांची, मग लाल आकड्यांची. मशीन जसजशी हुशार झाली तसतसा माल दिसेनासा झाला. आमच्या शेठच्या वडिलांनी गॅलनच्या जमान्यात हातपंप चालवलेला. गॅलन जाऊन लिटर आले तेव्हा लोक वर्षभर "आम्हाला कमी दिलं" म्हणून भांडत होते, असं ते सांगायचे.

मी लागलो तेव्हा आमच्याकडं चकत्यांची मशीन होती. वीज गेली की बाजूचा दांडा घालून हातानं फिरवायची. भारनियमनाच्या दिवसांत, जनरेटर घेईपर्यंत, रात्री कंदिलाशिवाय काही दिसायचं नाही, आणि कंदील तर पंपावर लावायचा नाही! बॅटरीच्या उजेडात एक जण दांडा मारायचा, दुसरा आकडा वाचायचा.

४. डिप न मारता वहीत आकडा लिहू नये

हे मी स्वतःच्या चुकीनं शिकलो.

जमिनीखालच्या टाकीत किती माल आहे हे बघायला खुणा केलेली पितळी काठी सोडतात. तिला डिप मारणं म्हणतात. काठीच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावायची. तळाशी पाणी असेल तर पेस्ट तेवढ्या उंचीपर्यंत लाल होते. पेट्रोल पाण्याहून हलकं, त्यामुळं पाणी खाली बसतं. मशीनचा ओढणारा पाइप तळापासून थोडा वर ठेवलेला असतो, म्हणून थोडं पाणी असलं तरी गिऱ्हाइकाच्या गाडीत जात नाही. डिप रोज सकाळी मारायचा, पावसाळ्यात दोनदा. आता तारेवरचे सेन्सर ऑफिसातल्या स्क्रीनवर सगळं दाखवतात, तरी शहाणा माणूस काठी सोडतोच.

१९९६ चा जुलै. रात्रभर पाऊस झोडपत होता, वीज नव्हती, छत्री उलटी होत होती. पहाटे पाच वाजता मी डिप मारला नाही. आदल्या संध्याकाळचा आकडा घेतला, रात्रीची विक्री वजा केली, वहीत लिहिलं, पाण्याच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. टाकीच्या भरणीच्या तोंडावरचं रबर कुजलं होतं आणि त्यावरच्या खड्ड्यात रात्रभर पाणी साचून आत झिरपत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. काठी सोडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

साडेआठला पहिली स्कूटर ढकलत परत आली. नऊपर्यंत चार. चांदवडच्या एका व्यापाऱ्याची मारुती राहूड घाटात बंद पडली, घरच्या बायका-मुलांसकट, भर पावसात. तेव्हा कुठं मी काठी सोडली. वर काढली तर टोकापासून वीतभर लाल. मशीन बंद केलं, पाटी लावली. दिवसभरात एकूण चौदा गाड्या. गावातले दोन मेकॅनिक बोलावून पंपावरच कार्ब्युरेटर आणि टाक्या उघडून धुतल्या, सगळ्यांना पेट्रोल भरून दिलं. व्यापाऱ्याची गाडी घाटातून ओढून आणायला ट्रॅक्टर लावला. शेठ संध्याकाळी आले, वही उघडली, 'निरंक'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कोणी पाहिलं?" मी गप्प. त्यांनी पगार कापला नाही, नोकरीवरून काढलं नाही. पुढची दोन वर्षं मात्र माझा डिपचा आकडा ते मला समोर उभं करून परत मारायला लावायचे. पगार कापला असता तर बरं झालं असतं.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आधी पाच टक्के, मग दहा, आता वीस. त्यातलं बरंच आपल्याच साखर कारखान्यांचं. उसाला चार पैसे मिळतात ते चांगलंच. पण इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. थोडं पाणी ते पोटात घेतं आणि काही कळू देत नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जातं. जुनी पेस्ट अशा वेळी नीट बोलत नाही, तिच्याऐवजी वेगळी पेस्ट आली. म्हणजे १९९६ च्या मानानं पावसाळ्यातली जोखीम वाढली आहे. तुमच्या गाडीच्या टाकीचं झाकण सैल असेल तर तेही बदला. सगळं पाणी पंपावरूनच येतं असं नाही.

५. टँकर आला की घाई करणारा माणूस दूर ठेवा

आमचा माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून यायचा. मुंबईहून पाइपलाइननं तेल तिथल्या डेपोंत येतं आणि तिथून टँकरनं निम्म्या महाराष्ट्रात जातं. मराठवाड्यातही. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यांत महाग म्हणून अधूनमधून बातमी येते, त्यामागं काही गूढ नाही. टँकर पानेवाडीहून तिथपर्यंत जातो आणि त्याचं भाडं भावात बसतं.

टँकर आला की आधी कुलूप आणि सील बघायचं. मग अर्थिंगची तार लावायची आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती उभी ठेवायची, माल स्थिर होऊ द्यायचा. प्रत्येक कप्प्याचा डिप चलनाशी ताडायचा. मग जारमध्ये नमुना घेऊन डेन्सिटी बघायची. काचेचा हायड्रोमीटर सोडायचा, शेजारी थर्मामीटर, आणि आलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशाला न्यायचा. चलनावरच्या डेन्सिटीपेक्षा ०.००३० हून जास्त फरक आला तर टँकर खाली करायचा नाही. नमुना सीलबंद बाटलीत भरून ठेवायचा, उद्या तक्रार आली तर तोच साक्षीदार.

हे सगळं करताना ड्रायव्हर घड्याळ बघत असतो, गिऱ्हाईक हॉर्न मारत असतं, आणि कुणीतरी म्हणतं, "भाऊ, रोजचाच टँकर आहे, लावा ना पाइप." अशाच एका घाईत आमच्या ओळखीच्या एका पंपावर डिझेलच्या टाकीत पेट्रोलचा कप्पा उतरला. दोन दिवस पंप बंद, टाकी उपसली. पाइप जोडायच्या आधी टाकीच्या झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचायचं, हा नियम मी तेव्हापासून लावला. पोरं हसायची. हसू देत.

६. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते

डिझेलवर बिडीचं थोटूक पडलं तर बहुतेक वेळा विझतं, म्हणून ट्रकवाले बेफिकीर. पेट्रोलचं तसं नाही. थंडीतही त्याची वाफ होत असते आणि ती हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, खड्ड्यात साचते. ठिणगी पाच हात लांब असली तरी ती तिथवर पोचते. म्हणून टाक्यांचा श्वासाचा पाइप उंच नेलेला असतो. या सगळ्याचं लायसन्स देणारं खातं नागपुरात बसतं. कागदावर पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. आम्ही नुसतं 'एक्स्प्लोझिव्हवाले' म्हणतो.

मी डोळ्यांनी पाहिलेली एकच आग. एका शेतकऱ्याचा पिकअप, मागं प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर प्लॅस्टिकचा कॅन. पोरानं कॅन खाली न उतरवता तसाच भरायला घेतला. पेट्रोल वाहताना वीज साठते, ती जमिनीत उतरायला वाट मिळाली नाही. टच्च आवाज आला आणि कॅनच्या तोंडावर निळी ज्योत उभी राहिली. घाबरून नोझल उपसली असती तर पेटलेलं पेट्रोल अंगावर आलं असतं. पोरानं नुसता खटका सोडला, नोझल तशीच ठेवून मागं सरकला आणि ओरडला. दुसऱ्यानं मेन स्विच पाडला, मी पावडरचं सिलिंडर मारलं. सगळं वीस सेकंदांत. नंतर त्या पोराच्या हाताला तासभर कंप होता.  पंपावर लोकांना भीती मोबाईलची, पण मोबाईलनं आग लागलेली मी कधी पाहिली नाही. तरी बोलत बोलत पेट्रोल भरू नका, कारण बोलणारा माणूस झिरोही बघत नाही आणि नळीही. नोझलच्या टोकाशी बारीक भोक असतं, टाकी भरली की ते झाकलं जातं आणि खटका आपोआप पडतो. त्यानंतर "अजून थोडं बसवा" म्हणणं म्हणजे पैसे देऊन वाफ उडवणं.

७. पहाटेचं पेट्रोल

पहाटे भरलं की जास्त येतं, ही समजूत अर्धी खरी आहे, आणि उरलेली अर्धी पंपवाल्याच्या वाट्याला येते. उष्णतेनं पेट्रोल फुगतं, दर अंशाला हजारात साधारण एक लिटर. पण टाकी जमिनीखाली, तिथं पहाट आणि दुपार यात फार फरक पडत नाही. फरक आम्हाला पडतो. मे महिन्यात डेपोत दुपारी तापलेला माल भरायचा, संध्याकाळी थंड टाकीत ओतायचा आणि सकाळच्या डिपला काठी बोटभर कमी दाखवते. बारा हजार लिटरचा टँकर दहा अंश निवला की शंभराच्या वर लिटर गेलेच. कुणी चोरले नाहीत, वाफ वेगळीच. शेठला हे समजावून सांगताना माझी पहिली तीन वर्षं गेली.

८. भाव वाढला की शिव्या पंपवाल्याला

पंपवाल्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. भाव शंभर झाला म्हणून ते त्या मानानं वाढत नाही. गुंतवायची रक्कम तेवढी वाढते. २०१७ च्या १६ जूनपासून भाव रोज सकाळी सहाला बदलायला लागला. त्याआधी पंधरवड्यानं बदलायचा आणि पंधरा तारखेच्या रात्री बारापर्यंत रांग रस्त्यावर जायची. रुपयासाठी लोक तासभर इंजिन चालू ठेवून उभे राहायचे.

२०२१ ची दिवाळी विसरता येत नाही. ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी केंद्रानं जाहीर केलं, पेट्रोलवरचं उत्पादनशुल्क पाच रुपये कमी, डिझेलवरचं दहा. सगळ्यांना आनंद. आमच्या टाक्यांत नऊ हजार लिटर पेट्रोल आणि पंधरा हजार लिटर डिझेल पडलेलं, सणासाठी मुद्दाम भरून ठेवलेलं, जुनं शुल्क भरून घेतलेलं. कागद-पेन्सिल घेतली: पंचेचाळीस हजार आणि दीड लाख. एक लाख पंच्याण्णव हजार रुपये एका रात्रीत टाकीतल्या टाकीत आटले, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. पुढच्या मे महिन्यात पुन्हा शुल्क उतरलं आणि ३१ मे २०२२ ला देशभरातल्या अनेक डीलरांनी निषेध म्हणून डेपोतून माल उचलला नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. भाव चढतात तेव्हा तेच टाकीतल्या टाकीत पिकतंही, ते मात्र आमच्या धंद्यातलं कुणी सांगत नाही. मी आता घरी बसलोय म्हणून लिहिलं.

९. घासलेटाचा वास

एकेकाळी रेशनचं घासलेट स्वस्त होतं, डिझेल महाग. या दोन भावांमधल्या खड्ड्यात कितीतरी माणसं श्रीमंत झाली. घासलेटात निळा रंग घातला तरी ते डिझेलमध्ये मिसळणारे लोक थांबले नाहीत. २५ जानेवारी २०११ ला पानेवाडीजवळ भेसळीचा अड्डा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. आम्ही त्याच रस्त्यानं रोज टँकर आणत होतो. त्या संध्याकाळी पंपावर बातमी आली तेव्हा कुणी काही बोललं नाही. टँकरचा ड्रायव्हर चहा न पिता निघून गेला. त्यानंतर पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाईक फिल्टर पेपर मागत होतं. नोझलचा एक थेंब त्या कागदावर टाकायचा, दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला तर पेट्रोल शुद्ध. सोळाव्या दिवशी मागणं बंद झालं.

१०. उधारी जीपवाल्याला देऊ नये

ट्रकवाल्याची उधारी बुडत नाही, त्याला परत याच रस्त्यानं यायचंय. निवडणुकीतल्या जीपची बुडते. एवढंच.

११. रांग कशाची लागते

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीनंतरही पाचशेच्या जुन्या नोटा पंपावर चालत होत्या, त्या दिवसांत लोक पन्नासचं पेट्रोल टाकून साडेचारशे परत मागायचे. सुटे संपले की शिव्या. आणि २०२४ च्या १ जानेवारीला, ट्रकचालकांच्या संपाची बातमी फिरली, त्या संध्याकाळी आमच्यापुढं दीड किलोमीटर रांग होती. टाकीत दोन दिवस पुरेल एवढा माल होता. रोजच्या गिऱ्हाइकानं रोजच्याएवढंच घेतलं असतं तर कुणी अडलं नसतं. पण पाऊण टाकी भरलेले लोकही वर एक लिटर बसवायला आले. रात्री साडेदहाला पेट्रोल संपलं, मशीनवर पोतं टाकलं. पाठीमागे आजारी आईला घेऊन आलेला एक मोटारसायकलवाला होता. पोरांनी आपल्या स्वतःच्या गाड्यांतून नळी लावून लिटरभर काढून दिलं. दुसऱ्या रात्री संप मिटला, तिसऱ्या दिवशी टँकर आला, आणि पुढचे चार दिवस पंपावर माशा. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या!

१२. हवा फुकट

१९१३ च्या डिसेंबरात पिट्सबर्गला गल्फ कंपनीनं गाड्यांसाठी खास बांधलेलं स्टेशन उघडलं आणि हवा-पाणी फुकट ठेवलं. पहिल्या दिवशी पेट्रोल खपलं ३० गॅलन. तेव्हापासून जगभरच्या पंपांवर लोक हवा भरायला येतात, पेट्रोल शेजाऱ्याकडं भरतात. आम्हीही रडलो, पण यंत्र कधी बंद ठेवलं नाही. संडास मात्र आम्ही फार उशिरा नीट केला. रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, समोरच्या बाजूचं गिऱ्हाईक एका दिवसात तुटलं. वणीच्या देवीला जाणाऱ्या बायकांच्या गाड्या आमच्याकडं थांबाव्यात म्हणून शेठनी फरशा बसवल्या, कडी बसवली, पाण्याची टाकी टाकली. विक्री वाढली. वीस वर्षं आधी करायला हवं होतं, ते लाजिरवाणं आहे.

१३. माप मागणारे

प्रत्येक पंपावर पाच लिटरचं धातूचं माप असतं, निमुळत्या गळ्याचं, वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं. संशय आला तर ते मागून समोर मोजून घ्यायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. पस्तीस वर्षांत माझ्याकडं ते सतरा जणांनी मागितलं. वीस मिनिटं हुज्जत घालणारे हजारो, माप मागणारे सतरा. शेवटचा एक म्हातारा शेतकरी होता, जुनी लुना घेऊन आलेला. लुनात पाच लिटर मावत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. म्हणाला, "मला भरायचं नाही, बघायचंय." पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी माप काढलं, फडक्यानं पुसलं, त्याच्यासमोर पाच लिटर सोडलं. पेट्रोल गळ्यातल्या रेघेला येऊन टेकलं. तो वाकला, चष्मा कपाळावर सरकवला, खालून-वरून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." मग त्यानं पन्नासचं टाकून घेतलं.

माप ऑफिसात असतं, दाराच्या मागं, बहुतेक धूळ खात. मागायला पैसे पडत नाहीत. एकदा मागून बघा.